पाठीत करंट, पायात वॉल्ट्झ

टोर्किल बुंगॉरच्या चाकांच्या वॉकरला त्याच्या मुलीने पांढरी साटिनची रिबीन गुंडाळली आणि तिथून सगळं बिघडत गेलं.

रिबिनीची शेवटची गाठ मारून सिग्ने दोन पावलं मागे सरली आणि मान तिरकी करून बघू लागली. "छान दिसतंय की नाही, आई?"

गुद्रुन सिंकपाशी बटाटे धूत होती. तिने वळून बघितलं. "वॉकर छान दिसतोय," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात नेहमीच असं काहीतरी हातचं राखून ठेवलेलं असे.

जूनमध्ये त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. सुवर्णमहोत्सवाच्या जेवणानंतर नवराबायकोने लग्नातला वॉल्ट्झ पुन्हा नाचायचा असतो आणि त्यातून सुटका नसते. पाहुणे भोवती रिंगण धरतात, टाळ्या वाजवतात आणि वाजवता वाजवता एकेक पाऊल पुढे सरकतात. शेवटी मधल्या जोडप्याला फक्त एकमेकांच्या गळ्यात पडण्यापुरती जागा उरते. तरुणपणी हे फार गोड वाटतं. पण गेल्या शरदात टोर्किलच्या पाठीचं ऑपरेशन झालं होतं आणि तेव्हापासून त्याचे पाय दुधात भिजलेल्या पावासारखे झाले होते. खुर्चीतून उठायचं म्हणजे आधी मनाची तयारी, मग हातांची, आणि पायांना सगळ्यात शेवटी कळवायचं.

"बाबा, तू वॉकरच्या सीटवर बसायचंस," सिग्नेने योजना सांगितली. "आई ढकलेल. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. वळणावर मी हात देईन. आई, ब्रेक सोडायला तेवढा विसरू नकोस, नाहीतर बाबा पुढे जाईल आणि वॉकर मागे राहील."

टोर्किलचा सारा जन्म गावातल्या वर्तमानपत्रात मुद्रितं तपासण्यात गेला होता. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि आपल्या हातून एखादी निसटली तर नाही ना, या धास्तीने रात्रभर जागायचं. अशा माणसाला ठामपणे बोलायची सवय राहत नाही. 'सुप्रभात' म्हणायच्या आधीसुद्धा तो खिडकीतून बाहेर एकदा खात्री करून घेत असे. पण रिबिनीचं ते मोठं फुलपाखरू वॉकरच्या ब्रेकवर बसलेलं बघितलं आणि त्याच्या तोंडून वाक्य निघून गेलं.

"मी उभ्याने नाचणार."

गुद्रुनने नळ बंद केला. "काय म्हणालास?"

वाक्य मागे घ्यायची हीच वेळ होती. टोर्किलने ते मनातल्या मनात पुन्हा वाचून पाहिलं. त्यात चूक सापडेना. "उभ्याने," तो म्हणाला.

आता उभ्याने नाचायचं म्हणजे पायांत ताकद हवी. ती कुठून आणायची, हा प्रश्न घेऊन तो दुसऱ्या दिवशी व्यायामोपचाराच्या दवाखान्यात बसला असताना भिंतीवर त्याला एक जाहिरात दिसली. पाठीच्या दुखण्यानंतर पाय दुबळे झालेली माणसं विद्यापीठाच्या प्रयोगशाळेला हवी होती. कातडीवर चिकट पट्ट्या लावून मज्जारज्जूला बाहेरूनच हलका विजेचा प्रवाह द्यायचा, त्याच वेळी व्यायाम करायचा, आणि स्नायूंची ताकद वाढते का ते बघायचं. चिरफाड नाही, भूल नाही.

टोर्किलने घरी येऊन दार लावून फोन केला. "मी एका मित्रासाठी विचारतोय," तो म्हणाला.

"विचार ना," पलीकडून रिक्के नावाची संशोधक बाई प्रसन्न आवाजात म्हणाली. त्यांच्या देशात राजघराणं सोडलं तर कुणी कुणाला अहो-जाहो करत नाही, आणि डॉक्टर लोक तर सगळ्यात कमी. "मित्राचं वय काय?"

"साधारण माझ्याएवढंच."

"मित्र खुर्चीतून हात न टेकता उठू शकतो?"

टोर्किलने फोन कानाशी धरून उठून बघितलं. बराच वेळ पलीकडे नुसता धापांचा आवाज गेला असावा. "नाही," तो म्हणाला. "मित्राला जमत नाहीये."

"उत्तम! मग मित्राला म्हणावं, सोमवारी सैल विजार घालून ये. आणि मित्राच्या पाठीवर केस असतील तर आम्ही भादरू, त्याने लाजू नये."

अशा रीतीने टोर्किल विज्ञानाच्या सेवेत रुजू झाला.

सोमवारी रिक्केने त्याच्या पाठीचा बरगड्यांच्या खालचा भाग भादरला, बोटांनी मणके चाचपले, आणि योग्य जागा सापडल्यावर न पुसणाऱ्या काळ्या शाईने तिथे एक ठसठशीत फुली मारली. पट्टी दर खेपेला त्याच जागी बसायला हवी, म्हणून. "ही घासू नकोस," तिने बजावलं. एक पट्टी पाठीला, दोन पोटाला, आणि मध्ये टोर्किल. मग तिने बटण फिरवलं.

"काही वाटतंय?"

मुंग्यांची एक छोटी वरात कमरेवरून मांड्यांकडे निघाली होती. निदान निघाली असावी. "मुंग्या येताहेत," तो म्हणाला, "किंवा येताहेत असं मला वाटतंय."

"दोन्ही चालेल. ऊठ आता. बस. ऊठ."

मग रिक्केने त्याला जे सांगितलं, त्याने त्याची झोप उडाली. प्रयोगातल्या अर्ध्या लोकांना खरा प्रवाह मिळणार होता. उरलेल्या अर्ध्यांना नुसत्या पट्ट्या, सुरुवातीला जरा मुंग्या, आणि पुढे सगळा देखावा. कोण कुठल्या गटात, हे यंत्र ठरवणार. तिलासुद्धा कळणार नव्हतं. ज्या माणसाला आपण घराला कुलूप लावलं की नाही हे कोपऱ्यावरून परत येऊन बघावं लागतं, त्याला असल्या प्रयोगात घेणं म्हणजे छळच. रोज संध्याकाळी तो खुर्चीतून उठायचा आणि उठल्यावर विचार करत उभा राहायचा, की हे उठणं खरं होतं का.

हे सगळं त्याने गुद्रुनखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. गुद्रुन एवढंच म्हणाली होती, "बिल आपल्या मीटरवर येणार नाही ना?" गल्लीतल्या लोकांना तर पत्ताही लागू द्यायचा नव्हता. पण गुरुवारी तो बंदरावरच्या स्नानगृहात गेला. गल्लीतले म्हातारे दर गुरुवारी तिथल्या वाफेच्या खोलीत, जन्माला आले त्या वेषात, फळ्यांवर ओळीने बसून देशाची काळजी करतात. टोर्किल खालच्या फळीवर बसला. वरच्या फळीवर त्याच्या पाठीशी एगॉन होता.

एगॉन शेजारच्या घरातला निवृत्त वायरमन. त्याला सल्ला विचारावा लागत नसे.

"टोर्किल," वाफेतून एगॉनचा आवाज आला, "तुझ्या पाठीवर फुली आहे."

"असेल," टोर्किल म्हणाला.

"असेल काय? आहे. इथं खजिना पुरलाय की काय?"

फळीवरचे सगळे म्हातारे पुढे वाकले. नागडा माणूस खोटं बोलू शकत नाही. बोलला तरी चेहऱ्याबरोबर सगळं अंग लाल होतं. टोर्किलने खरं सांगून टाकलं.

"पाठीतून करंट," एगॉन म्हणाला. धंद्याचा विषय निघाल्यामुळे त्याच्या आवाजाला निराळंच वजन आलं होतं. "अर्थिंग कुठून दिलंय?"

"पोटातून, मला वाटतं."

"वाटतं? माणसाच्या पोटातून अर्थिंग गेलंय आणि माणसाला नुसतं वाटतंय! फ्यूज कितीचा आहे?"

संध्याकाळपर्यंत सगळ्या लिंडेवँग गल्लीला खबर लागली आणि गल्लीत दोन तट पडले. टोर्किलला खरा करंट मिळतोय म्हणणारे करंटवाले, आणि त्याला नुसतं उल्लू बनवताहेत म्हणणारे देखाव्यावाले. करंटवाल्यांचा पुढारी एगॉन. देखाव्यावाल्यांची पुढारी समोरच्या घरातली आस्ता. आस्ताने सारी उमर फेरीबोटीवर तिकिटं तपासली होती, त्यामुळे तिकीट नसलेला माणूस आणि नुसता दिसायला सज्जन माणूस, हे तिच्या नजरेतून सुटत नसत. टोर्किल घरातून बाहेर पडला की दोन्ही तटांचे लोक पडदे सारून त्याची चाल बघत. सल्ले तर धोधो आले. कुणी म्हणालं, प्रवाह घेतल्यावर बीट खा. कुणी म्हणालं, बीट सोडून काहीही खा. एकीने सांगितलं, तिच्या मेव्हण्याला असाच करंट दिला आणि त्याच्या कानातल्या यंत्रात नॉर्वेचं हवामान ऐकू यायला लागलं. एगॉनने रबरी बूट आणून दिले. टोर्किलने आभार मानून ते एकदा घातलेसुद्धा. नको म्हणण्यापेक्षा बूट घालणं त्याला सोपं वाटलं.

पण खरी आफत निराळीच होती.

सुवर्णमहोत्सवाच्या सकाळी दाराभोवती हिरवी कमान उभारायची असते. ती शेजाऱ्यांनी बांधायची, सुरूच्या डहाळ्या गुंफून, वर सोनेरी कागदी गुलाब लावून. ज्यांच्यासाठी ती बांधायची, त्यांना काहीच ठाऊक नसतं. म्हणजे सगळं ठाऊक असतं, पण आपल्याला ठाऊक नाही असं त्यांनी पन्नास वर्षांच्या संसाराची सारी ताकद लावून दाखवायचं असतं. लिंडेवँगमध्ये कमान समितीची प्रमुख आस्ता होती आणि समिती एगॉनच्या गॅरेजमध्ये गुलाब वळत बसत असे. आता टोर्किलचं घर आणि एगॉनचं गॅरेज यांच्यामध्ये होतं फक्त एक कुंपण, हनुवटीएवढ्या उंचीच्या झुडपांचं. आणि रिक्केने टोर्किलला सांगितलं होतं, घरी रोज उठाबशा काढ, भक्कम आधार धरून.

टोर्किलला घरातला कुठलाच आधार भक्कम वाटेना. कुंपणाचा खांब मात्र चांगला होता.

त्यामुळे समितीला गॅरेजच्या उघड्या दारातून काय दिसायचं, तर कुंपणावर हळूच टोर्किलचं टक्कल उगवतंय. मग कपाळ. मग चष्मा. चष्मा क्षणभर थेट गुलाबांकडे बघतोय, आणि पुन्हा हळूहळू मावळतोय. थोड्या वेळाने परत टक्कल. पहिल्या दिवशी त्यांनी गुलाबांवर ताडपत्री टाकली. दुसऱ्या दिवशी गॅरेजचं दार लावून आत घाम गाळला. तिसऱ्या दिवशी आस्ता टोर्किलच्या दारात उभी राहिली.

"टोर्किल, मी तुला सभ्य माणूस समजत होते."

"मीही," टोर्किल घाबरून म्हणाला.

"या गल्लीत आजवर कुणी स्वतःच्या कमानीवर पाळत ठेवलेली नाही. पलीकडच्या घरातल्या लाउरित्सचं त्याच्या कमानीकडे लक्ष नव्हतं का? होतं. पण तो बिचारा चार आठवडे मान दुसरीकडे वळवून चालला, मानेला पट्टा लागला त्याच्या! आणि तू? तू राजरोस डोकं वर काढून गुलाब मोजतोस?"

"मी उठाबशा काढतोय, आस्ता."

"गुलाबांसमोर?"

"तिकडे बघून काढल्या तरी मला काहीच दिसत नाही. म्हणजे दिसतं, पण मी बघत नाही. म्हणजे काय आहे तिथे? तिथे काहीच नाहीये ना?"

गुद्रुन मागून आली. "आस्ता, त्याला खांब धरावा लागतो गं. पाय धरत नाहीत त्याचे."

आस्ताने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "मग गुडघे वाकवताना तोंड घराकडे कर," तिने निकाल दिला. "आणि वर येताना डोळे मीट."

तेव्हापासून टोर्किल डोळे मिटून, गुलाबांकडे पाठ करून, शरमेने लाल होऊन उठाबशा काढू लागला. लाजेने असेल, करंटने असेल किंवा बिटाने असेल, पण मे महिन्यात एक दिवस तो खांब न धरता वर आला. वर आल्यावर त्याच्या ते लक्षात आलं आणि घाबरून त्याने खांब धरला.

नेमक्या याच आनंदाच्या दिवसांत नगरपालिकेतून फोन आला. वॉकर नगरपालिकेचा होता, वापरायला दिलेला. तब्येतीत काही फरक, अशी साधी चौकशी होती. दुसरा कुणी असता तर 'छे, छे' म्हणून मोकळा झाला असता. पण टोर्किलला खोटं बोलायचं म्हणजे चुकीचं पान छापायला सोडल्यासारखं वाटे. "किंचित सुधारणा असावी," तो म्हणाला, "पण ती खरी की देखावा, हे नक्की सांगता येत नाही."

पुढच्याच आठवड्यात नगरपालिकेची बाई तपासणीला आली. हसतमुख, हातात टॅब्लेट. गुद्रुनने कॉफी ठेवली. बातमी लागल्यामुळे सिग्ने, एगॉन आणि आस्ता तिघंही साक्षीला हजर होते.

"तुझी हालचाल कमी झाली असेल तर वॉकर इथेच राहील," बाई म्हणाली. "वाढली असेल तर आम्ही परत नेऊ. दुसऱ्या कुणाला लागेल. चल, खुर्चीतून ऊठ आणि बस. मी थांब म्हणेपर्यंत."

सिग्ने टोर्किलच्या कानाशी लागली. "बाबा, जरा कण्ह. थोडासाच."

टोर्किलपुढे मोठा पेच पडला. वाईट उठला, तर वॉकर घरात राहणार आणि सुवर्णमहोत्सवाला पडायची वेळ आली तर रिबिनीसकट हाताशी असणार. चांगला उठला, तर तो आधार जाणार. त्याने मनात ठरवलं की जेमतेम उठायचं. मध्यम. ना धड चांगलं, ना धड वाईट.

पण तेवढ्यात आस्ता म्हणाली, "अगं, त्याला काही जमायचं नाही. सगळा देखावा आहे."

टोर्किल उठला. बसला. उठला. बसला. हात छातीशी घडी घातलेले, नजर आस्ताच्या नाकावर. एगॉन ओरडायला लागला, "हा बघा करंट! हा बघा करंट!" बाई थांब म्हणाली तरी टोर्किल आणखी एकदा उठला आणि उभाच राहिला. खोलीत टाळ्या पडल्या. बाईने टॅब्लेटवर काहीतरी नोंदवलं, मनापासून अभिनंदन केलं, आणि वॉकर गाडीत घालून घेऊन गेली. रिबीन तेवढी सोडून टेबलावर ठेवली.

गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत सगळे खिडकीत उभे होते. मग टोर्किल खाली बसला आणि त्याला पुन्हा उठवेना.

"शाब्बास," गुद्रुन म्हणाली. "आता नाचावंच लागेल."

त्या दिवसापासून टोर्किलचं धाबं दणाणलं. आता पडलो तर सगळ्या गोतावळ्यासमोर, तेही गुद्रुनच्या अंगावर. गुद्रुनने या नाचाबद्दल एकदाही तोंड उघडलं नव्हतं, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटत होती. पण एका दुपारी स्वयंपाकघरात भांडी पुसताना ती एकटीच गिरकी घेताना त्याला दिसली. फडकं खांद्यावर, डोळे मिटलेले, हात असा वर धरलेला, की त्यात कुणाचा तरी हात असावा. टोर्किल आवाज न करता मागच्या मागे फिरला. त्याने रिक्केला फोन केला आणि प्रवाह वाढव म्हणून गयावया केली. "नाही म्हणजे नाही," रिक्के म्हणाली. "करंट काही पाय विकत घेऊन देत नाही, टोर्किल. तो पायांना जागं करतो. काम त्यांनीच करायचं."

एगॉनला ही सबब पटली नाही. रविवारी आस्ता कॉफीला आलेली असताना तो जुन्या बाजारात मिळालेलं एक यंत्र घेऊन आला. कधीकाळी कुणीतरी बारीक होण्यासाठी ते पोटाला बांधलं असावं. "हे लाव. प्रयोगशाळेत थेंबथेंब देतात. हा नळच आहे."

"नको, एगॉन. रिक्के रागावेल."

"भित्रा तो भित्राच! बघ, मी लावून दाखवतो. वायरमनला करंट ओळखतो." एगॉनने विजार जरा खाली करून पट्टे कमरेमागे चिकटवले आणि बटण फिरवलं. काही झालं नाही. आणखी फिरवलं. मग त्याचा उजवा ढुंगणाचा गोळा एकाएकी वर उडाला. मग डावा. मग पुन्हा उजवा.

"बंद कर!" गुद्रुन म्हणाली.

"करतोय! बटण फिरतंच आहे नुसतं!"

एगॉन खोलीभर फिरायला लागला. म्हणजे त्याचा पार्श्वभाग फिरत होता आणि बाकीचा एगॉन त्याच्या मागे जात होता. त्याने क्रीमच्या केकला धक्का दिला. केक आस्ताच्या मांडीवर गेला. ती किंचाळून उठली आणि तिने तिकीट फाडावं तशी एगॉनच्या कमरेवरून पट्टी ओरबाडून काढली. तिच्याबरोबर बरेच केसही आले.

सगळं शांत झाल्यावर एगॉन भिंतीला टेकून धापा टाकत म्हणाला, "अर्थिंग नव्हतं."

टोर्किल हसता हसता खुर्चीवरून खाली घसरला. आणि कुणी हात द्यायच्या आत जमिनीवरून आपला आपण उठला. हे मात्र त्याच्या लक्षात आलं नाही. गुद्रुनच्या आलं.

सुवर्णमहोत्सवाच्या सकाळी गल्लीने दाराशी गाणी म्हणून दोघांना उठवलं. एगॉनने तुतारी फुंकली. टोर्किल आणि गुद्रुन दार उघडून बाहेर आले आणि कमान बघून दोघांनी तोंडावर हात नेले. टोर्किलने इतकं आश्चर्य दाखवलं की आस्तालाही ते जास्त वाटलं. सगळ्यांनी आत येऊन गरम पाव खाल्ले, कडू दारूचे छोटे पेले रिकामे केले, आणि दुपारी गावच्या सभागृहात जेवणं झाली. रिक्केही आली होती. मासळी वाढून घेताना आस्ताने तिला गाठलं. "आता तरी सांग. खरा करंट होता की देखावा?"

"सगळ्यांचा प्रयोग संपला की उलगडेल," रिक्के म्हणाली. "पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी! माझं काय वय आहे माहीत आहे तुला?"

तेवढ्यात अकॉर्डियनवाल्याने वॉल्ट्झ सुरू केला.

टोर्किल हात न टेकता उठला. गुद्रुनसमोर जाऊन त्याने हात पुढे केला. लग्नातही त्याने असाच केला होता. रिंगण झालं, टाळ्या सुरू झाल्या. एक-दोन-तीन. पहिली गिरकी त्याने श्वास रोखून घेतली. दुसरी घेतली तेव्हा पायांखाली जमीन लागते आहे असं त्याला वाटलं. तिसऱ्या गिरकीला डावा गुडघा किंचित लटपटला, पण रिंगण पुढे सरकत होतं. टाळ्या जवळ आल्या, आणखी जवळ आल्या. एगॉनचं पोट त्याच्या पाठीला लागलं, अगदी फुलीवर. आस्ताचं कोपर बरगडीला, सिग्नेचा खांदा दुसऱ्या बरगडीला, समोर गुद्रुन. इंचभर जागा उरली नाही. संगीत थांबलं. सगळे आनंदाने ओरडले.

आणि टोर्किलच्या मनात आलं, मी उभा आहे की मला उभं धरलंय?

त्याने गुडघ्यांकडे चौकशी केली. उत्तर येईना. एवढ्या गर्दीत मेलेला माणूससुद्धा उभा राहिला असता. आता ही शंकाही जन्मभर पुरणार, त्या करंटच्या शेजारी. त्याने गुद्रुनकडे बघितलं. तिच्या डोळ्यांतही तोच प्रश्न होता. निदान त्याला तसं वाटलं.

"मागे सरा," टोर्किल म्हणाला.

कुणाला ऐकू गेलं नाही.

"मागे सरा!" तो ओरडला. पन्नास वर्षांत त्याचा एवढा मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता. गुद्रुननेही नाही. "सगळे भिंतीपर्यंत मागे सरा! कुणी जवळ यायचं नाही!"

रिंगण चकित होऊन फुटलं. लोक मागे मागे जात भिंतींना टेकले. "हे रीतीला धरून नाही," आस्ता पुटपुटली, पण तीही टेकली. मोठ्या रिकाम्या जमिनीच्या मधोमध दोघंच उरली. पडायला चारी बाजूंनी भरपूर जागा होती.

टोर्किल पडला नाही.

"पुन्हा वाजव," तो अकॉर्डियनवाल्याला म्हणाला.

दोघं नाचली. तो दोनदा गुद्रुनच्या पायावर पडला. म्हणजे त्याचा बूट तिच्या बुटावर पडला. तो स्वतः उभाच होता. गुद्रुन हसत होती, मान मागे टाकून, लग्नात हसली होती त्याहून मोठ्याने. एगॉन खुर्चीवर चढून "करंट! करंट!" ओरडत होता. आस्ता डोळे पुसत होती आणि शेजारच्याला सांगत होती की देखावा असला तरी उत्तम देखावा आहे. सिग्ने रडत होती. अर्धं सभागृह रडत होतं. वॉल्ट्झ संपला आणि टाळ्यांनी छत हाललं.

तेव्हा टोर्किलला कळलं की पाय संपले.

दुखत नव्हते, लटपटत नव्हते; नुसते संपले होते, दिव्यातलं तेल संपावं तसे. सगळ्यात जवळची खुर्ची सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला. जवळपास माणूस म्हणून नाही. सगळे भिंतीला पाठ लावून, मोठ्या आदराने, त्याने सांगितलं होतं म्हणून, जागच्या जागी उभे. कुणीही पुढे येणार नव्हतं.

"गुद्रुन," तो ओठ न हलवता म्हणाला.

"कळलं मला," ती म्हणाली आणि त्याच्या कमरेभोवतीचा हात घट्ट केला. "थांबलास तर पडशील. फिरत राहा." मग मान वळवून तिने मोठ्याने हाक दिली, "अजून एकदा होऊ दे!"

अकॉर्डियन तिसऱ्यांदा सुरू झालं. सभागृह वेडं झालं. कुणीतरी म्हणालं, बघा म्हाताऱ्याची हौस, थांबायला तयार नाही. टोर्किल चेहऱ्यावर राजासारखं हसू ठेवून गिरक्या घेत होता आणि प्रत्येक गिरकीगणिक दोघं हात-दीड हात त्या टोकाकडे सरकत होती.

"किती लांब आहे अजून?" त्याने विचारलं.

"खुर्ची दिसतेय," गुद्रुन त्याच्या खांद्यावरून बघत म्हणाली. "हसत राहा. लाउरित्स बसलाय तिच्यावर, पण उठेल तो. मी बघते त्याच्याकडे."